नव्या गाडीविषयी स्वतःचे मत कसे बनवावे : रूप, इंजिन आणि किंमत

पहिली नवी गाडी घ्यायची ठरली की घरी, कार्यालयात आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्रत्येकाकडून काही ना काही ऐकायला मिळते. तीन सिलिंडरचे इंजिन थरथरते, डिझेलचे दिवस संपले, सनरूफ नसेल तर गाडी पुढे विकली जात नाही, अमुक गाडी समोरून देखणी आहे पण मागून बसकी दिसते, अशी ही मते असतात. ती बहुधा खोटी नसतात. सांगणाऱ्याच्या रस्त्यावर, त्याच्या माणसांसह आणि त्याच्या खिशाला ती खरी ठरलेली असतात. नवख्या खरेदीदाराची अडचण अशी की त्याच्याजवळ स्वतःचे माप नसल्यामुळे तो दुसऱ्याच्या मापाने गाडी घेतो. ते माप कसे तयार करावे, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. यात शोरूमची पायरी मुद्दाम उशिरा ठेवली आहे, कारण चकचकीत दिव्यांखाली उभी असलेली गाडी पाहून झाल्यावर गरजांची यादी करायला बसलेला माणूस त्याच गाडीला साजेशी यादी करतो.

पहिली पायरी : आपला वापर कागदावर लिहा

महिन्याला खरोखर किती किलोमीटर होतील, हे आधी लिहावे. गेल्या तीन महिन्यांतील रोजची ये-जा आणि गावाकडच्या फेऱ्या आठवून बेरीज केली तर हा आकडा आपल्या अंदाजापेक्षा बराच कमी निघतो, असा अनुभव येतो. त्याखाली गाडीत नेहमी किती माणसे बसतील, त्यांत गुडघे दुखणारे कोणी आहे का, वर्षातून किती वेळा घाट चढावा लागेल, गाडी दिवसभर उन्हात उभी राहणार की सावलीत, आणि ती जिथे लावायची त्या जागेची लांबी, रुंदी व उंची किती, हे टेप घेऊन मोजून लिहावे. मुंबई-पुण्यातील ज्या इमारतींत यांत्रिक पार्किंग आहे, तिथे उंचीबरोबर वजनाचीही मर्यादा असते आणि ती सोसायटीच्या कार्यालयात विचारता येते. गाडी दारात आल्यावर ती यांत्रिक पार्किंगच्या पाळण्यात बसत नाही असे कळणे फार महागात पडते.

दुसरी पायरी : रूप वाचायला शिका

गाडी आवडणे किंवा न आवडणे ही मनाची गोष्ट आहे आणि तिला मान द्यावा, कारण पुढची आठ-दहा वर्षे ती आपल्या दारात उभी राहणार आहे. मात्र भारतातील गाड्या अशा का दिसतात हे एकदा समजले की आवडीला डोळसपणा येतो.

रूपामागचे सर्वांत मोठे कारण कराचे आहे. २००६ पासून केंद्र सरकारने ४ मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांना करात सवलत दिली, आणि तेव्हापासून गाडीची शेपटी अर्थसंकल्पाच्या कात्रीने कापली जाऊ लागली. पुण्यात तयार झालेली टाटांची इंडिगो सीएस २००८ मध्ये आली ती याच हिशेबाने. तिची डिकी आखूड करून लांबी ४ मीटरच्या आत बसवली होती. २०१२ मध्ये मारुतीने स्विफ्ट डिझायरही अशीच ३,९९५ मिलिमीटरमध्ये आणली. आज नेक्सॉन, ब्रेझा आणि व्हेन्यू या तिन्ही गाड्यांची लांबी ३,९९५ मिलिमीटरच आहे, हा योगायोग नाही. एखादी गाडी समोरून भारदस्त आणि मागून एकदम तोडल्यासारखी वाटली, तर तो केवळ आरेखन करणाऱ्याचा दोष मानू नये. त्याला दिलेली जागाच तेवढी होती. याच मर्यादेत ज्यांनी प्रमाण सांभाळले आहे त्यांचे कौतुक मात्र अवश्य करावे.

आता गाडीभोवती एक फेरी मारावी आणि प्रत्येक देखण्या गोष्टीला 'ही माझ्या रस्त्यावर कशी वागेल?' असे विचारावे. दिवसा लागणारी दिव्यांची पट्टी वर आणि मुख्य हेडलाइट खाली बंपरजवळ, ही मांडणी सध्या लोकप्रिय आहे. ती दिसते छान. पण खाली असलेला दिवा दुचाकीच्या धक्क्याला आणि चिखलाला जवळ असतो. मागच्या बाजूला या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी प्रकाशपट्टी रात्री सुंदर दिसते, पण धक्का लागून ती फुटली तर एका लहान दिव्यापेक्षा मोठा भाग बदलावा लागण्याची शक्यता असते. म्हणून सेवा केंद्रातील सुटे भाग विकणाऱ्या खिडकीवर जाऊन पुढचा एक हेडलाइट, मागचा दिवा, बंपर आणि बाजूचा आरसा यांच्या किमती लिहून आणाव्यात. विक्री प्रतिनिधीने कितीही बोलून जे कळणार नाही ते या चार आकड्यांतून कळते.

चाकांचेही तसेच आहे. टायरवर २१५/६० आर १६ असे लिहिलेले असते. त्यातील पहिला आकडा मिलिमीटरमधील रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के टायरची बाजूची भिंत उंच आहे ते, आणि शेवटचा रिमचा इंचांतील व्यास. या टायरची भिंत १२९ मिलिमीटर भरते. २०५/४५ आर १७ असेल तर ती जेमतेम ९२ मिलिमीटर राहते. मोठे रिम आणि बारीक टायर छायाचित्रात उठून दिसतात. पावसाळ्यातील खड्ड्यांच्या रस्त्यावर मात्र धक्का झेलायला रबर आणि हवा जितकी जास्त तितके रिम आणि पाठ दोन्ही वाचतात. ज्यांचा रोजचा रस्ता खराब आहे त्यांनी एक इंच लहान रिमचा व्हेरिएंट (त्याच गाडीची कमी-जास्त सुविधांची आवृत्ती) कमीपणाचा मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रंग आणि आतील सजावट यांबाबत प्रदेश विसरू नये. चंद्रपूर-नागपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तिथे काळा रंग, काळी लेदरेटची (कृत्रिम चामड्याची) आसने आणि भले मोठे काचेचे छप्पर यांचा एकत्रित परिणाम दुपारी दोन वाजता गाडीत बसल्याशिवाय समजत नाही. कोकणात जांभ्याची लाल धूळ फिकट रंगाच्या आसनांवर कायमची मुक्कामाला येते. चकाकते काळे प्लास्टिक आज जवळजवळ प्रत्येक डॅशबोर्डवर दिसते. त्यावर बोटांचे ठसे आणि बारीक ओरखडे पहिल्याच महिन्यात उमटतात.

शेवटी चालकाच्या आसनावर बसून मागे पाहावे. मागची काच तिरकी आणि अरुंद, खिडकीची रेषा मागे वर चढत गेलेली आणि मागचा खांब जाड असेल, तर बाहेरून गाडी चपळ दिसते आणि आतून आंधळी होते. कॅमेरा उपयोगी आहे, पण पावसात त्याच्यावर थेंब साचतात. मागच्या आसनावर घरातील सर्वांत उंच व्यक्तीला आणि सर्वांत वयस्कर व्यक्तीला बसवून पाहावे. आजी साडी सावरत, दाराला डोके न लागता, कोणाचा हात न धरता आत बसू शकल्या तर त्या गाडीच्या आरेखनाला पूर्ण गुण द्यायला माझी हरकत नाही.

तिसरी पायरी : इंजिन समजून घ्या

माहितीपत्रकात दोन आकडे असतात : अश्वशक्ती आणि टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर. नवखे लोक पहिला आकडा पाहतात. आपल्याकडच्या वाहन चालवण्यात दुसरा आकडा, आणि त्याहून अधिक तो इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर मिळतो हे महत्त्वाचे असते. ह्युंदाई व्हेन्यू या एकाच गाडीचे उदाहरण घेऊ. तिच्यात ११९७ सीसीचे साधे पेट्रोल इंजिन सुमारे ८३ पीएस (अश्वशक्तीचे एकक) शक्ती आणि ११४ न्यूटन-मीटर टॉर्क देते, पण तो पूर्ण टॉर्क मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर येतो. ९९८ सीसीचे लहान टर्बो इंजिन १२० पीएस आणि १७२ न्यूटन-मीटर देते, तेही १,५०० फेऱ्यांपासून. १४९३ सीसीचे डिझेल ११६ पीएसच देते, पण टॉर्क २५० न्यूटन-मीटर आहे. आकाराने सर्वांत लहान इंजिन मधल्यापेक्षा बलवान कसे, याचे उत्तर टर्बोमध्ये आहे : सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि तो सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो.

याचा अर्थ प्रत्येकाने टर्बो घ्यावा असा नाही. शहरात रोज वीस किलोमीटर, दोन माणसे आणि सपाट रस्ता असेल तर साधे इंजिन गुळगुळीत चालते, देखभालीला सोपे जाते आणि स्वस्तही पडते. पण पाच माणसे, भरलेली डिकी आणि एसी चालू अशा स्थितीत वरंधा किंवा कुंभार्ली घाट चढायचा असेल, तर ४,००० फेऱ्यांवर टॉर्क देणारे इंजिन सतत खालच्या गिअरमध्ये ओरडत राहते. हा धडा मी स्वतः शिकलो आहे. पहिली गाडी घेताना मी एकट्याने, सपाट रस्त्यावर, दहा मिनिटे चालवून पाहिली आणि समाधान मानले. पहिल्याच दिवाळीत सर्व कुटुंब घेऊन साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर गाडीने दम टाकला आणि एसी बंद करून दुसऱ्या गिअरमध्ये ट्रकच्या मागे चढावे लागले. गाडीत काही दोष नव्हता. माझी परीक्षाच अपुरी होती.

तीन सिलिंडरविषयीचे मतही तपासून घ्यावे. २०२४ मध्ये मारुतीने स्विफ्टमधील चार सिलिंडरचे ९० पीएसचे इंजिन काढून तीन सिलिंडरचे ८२ पीएसचे आणले, आणि ॲव्हरेज वाढवणे हा त्यामागचा मुख्य हेतू होता. तीन सिलिंडरच्या इंजिनात फिरणाऱ्या भागांचा तोल जात्याच थोडा कमी असतो, त्यामुळे ते उभ्या गाडीत किंचित थरथरते, हे खरे आहे. ते आपल्याला खुपते का, हे मात्र केवळ एका पद्धतीने कळते : एसी चालू ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून, दोन मिनिटे स्टीअरिंगवर आणि आसनावर लक्ष द्यावे. काहींना ते जाणवतही नाही.

डिझेलचा निर्णय भावनेवर न घेता हिशेबावर घ्यावा. समजा, त्याच गाडीचे डिझेल इंजिन सव्वा लाख रुपयांनी महाग आहे. पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि ॲव्हरेज १५, डिझेल ९० रुपये आणि ॲव्हरेज २० धरू. पेट्रोलला किलोमीटरमागे सुमारे ६ रुपये ९३ पैसे आणि डिझेलला साडेचार रुपये पडतात. २ रुपये ४३ पैशांच्या बचतीने सव्वा लाख भरून निघायला सुमारे ५१,५०० किलोमीटर लागतात. महिन्याला ९०० किलोमीटर चालवणाऱ्याला त्यासाठी पावणेपाच वर्षांहून अधिक काळ लागेल, २,००० किलोमीटर चालवणाऱ्याला सव्वादोन वर्षेही लागणार नाहीत. आपल्या पंपावरचे भाव घालून हे गणित पुन्हा करावे. शिवाय बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि तो स्वच्छ होण्यासाठी इंजिनाला मधूनमधून मोकळ्या रस्त्यावर तापावे लागते. रोज चार किलोमीटर जाऊन थांबणाऱ्याने डिझेलच्या वाटेला जाऊ नये.

सीएनजीमध्ये खर्च वाचतो, शक्ती घटते. स्विफ्टच्याच बाबतीत ८२ पीएसचे सुमारे ७० होतात. टाकी डिकी व्यापते, मात्र टाटांनी २०२३ मध्ये अल्ट्रोझमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या खाली बसवून बरीच जागा वाचवली. घराजवळच्या पंपावर संध्याकाळी किती लांब रांग असते, ते एकदा जाऊन पाहावे. टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते, हेही ध्यानात असावे.

जाहिरातीतील ॲव्हरेजबद्दल गैरसमज फार आहेत. हे आकडे ज्या संस्थेच्या नावाने ओळखले जातात ती एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. चाचणी प्रयोगशाळेत, रोलरवर, एसी बंद ठेवून आणि ठरावीक वेगाच्या आराखड्यानुसार होते. त्या आराखड्यात वेग ताशी ९० किलोमीटरच्या पुढे जात नाही. त्यामुळे तो आकडा दोन गाड्यांची तुलना करायला योग्य आहे, खिशाचा अंदाज बांधायला नाही. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश ऊर्जा असते, म्हणजे एक लिटर मिश्रणात साधारण ७ टक्के ऊर्जा कमी. नवीन गाडी या इंधनासाठी बनवलेली असल्याने तिच्या नळ्या-रबरांची चिंता नको. ॲव्हरेजची अपेक्षा मात्र बेताची ठेवावी.

चौथी पायरी : आपल्या रस्त्यावर चालवून पाहा

टेस्ट ड्राइव्ह मागताना आपण घेणार तेच इंजिन आणि तोच गिअरबॉक्स मागावा. टर्बो चालवून साधे इंजिन बुक करू नये. घरातील माणसे सोबत न्यावीत. मार्गात एक उड्डाणपूल किंवा चढ, एक खराब रस्ता आणि एक गर्दीचा चौक असावा. चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलावी. आपोआप गिअर बदलणाऱ्या प्रकारांपैकी एएमटी (साध्या गिअरबॉक्सलाच यंत्राने चालवणारा) गिअरबॉक्स स्वस्त आणि काटकसरी असतो, पण गिअर बदलताना मान पुढे-मागे होते आणि चढावर क्षणभर विचार केल्यासारखा थांबतो. सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारा, ठरावीक गिअर नसलेला) गर्दीत सुखाचा, जोरात दाबल्यावर आवाजाचा. टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलाच्या दाबाने जोर पोचवणारा) सर्वांत निर्धास्त. एसीचा वेग कमी-जास्त करायला पडद्यावर किती वेळा बोट टेकवावे लागते आणि तेवढा वेळ नजर रस्त्यावरून हटते का, हेही चालवतानाच कळते. मला स्वतःला एसीसाठी साधी फिरकीची बटणेच हवीत.

सुरक्षिततेसाठी भारत एनकॅप या धडक-चाचणी योजनेचे गुण पाहावेत. ही योजना ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. तिच्यात गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरून आदळवली जाते, शिवाय बाजूचीही धडक होते, आणि प्रौढांसाठी ३२ व मुलांसाठी ४९ पैकी गुण स्वतंत्र दिले जातात. चाचणी ऐच्छिक आहे, त्यामुळे प्रत्येक गाडीचे गुण मिळतीलच असे नाही. घरात लहान मूल असेल तर दुसरा आकडा आधी वाचावा.

पाचवी पायरी : किमतीचा कागद नीट वाचा

२२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरपर्यंत लांबीच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल वा सीएनजी आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के, बाकीच्यांवर ४० टक्के आणि विजेच्या गाड्यांवर ५ टक्के आहे. व्हेन्यूची वर सांगितलेली तिन्ही इंजिने १८ टक्क्यांत बसतात. तेवढ्याच लांबीच्या ब्रेझाचे १४६२ सीसीचे पेट्रोल इंजिन ४० टक्क्यांत जाते. दोन गाड्यांच्या किमतींची तुलना करताना त्यातील किती भाग लोखंडाचा आणि किती कराचा, हे असे उलगडते.

त्यावर राज्याचा एकरकमी कर येतो. महाराष्ट्रात वैयक्तिक पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११, १० ते २० लाखांपर्यंत १२ आणि त्यापुढे १३ टक्के. डिझेलला याच टप्प्यांत १३, १४ आणि १५ टक्के. म्हणून ९ लाख ९० हजारांच्या पेट्रोल गाडीवर १,०८,९०० रुपये कर लागतो आणि १० लाख १० हजारांच्या गाडीवर १,२१,२००. वीस हजारांच्या वरच्या व्हेरिएंटने बारा हजारांचा कर आणखी ओढून आणला. शिवाय १० लाखांच्या वर १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ घेतलेला आयकर) कापला जातो, जो आयकर विवरणपत्रात परत मागता येतो. बरेच जण मागायचे विसरतात.

कोटेशनमधील प्रत्येक ओळीचा अर्थ विचारावा. विमा आपण कोणत्याही कंपनीकडून घेऊ शकतो. नव्या गाडीला तृतीय पक्षाचा विमा तीन वर्षांचा सक्तीचा आहे, स्वतःच्या नुकसानीचा एक वर्षाचा घेता येतो. बाहेरून दोन दरपत्रके आणून दाखवली की शोरूमचा विमाही उतरतो. 'हँडलिंग चार्जेस' आणि न मागितलेले ॲक्सेसरीजचे पॅकेज या ओळी नम्रपणे पण ठामपणे खोडायला सांगाव्यात.

कर्जाच्या हप्त्याने व्हेरिएंट ठरवू नये. ८ लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १६,६०० रुपये आणि एकूण व्याज १ लाख ९६ हजार. सात वर्षांसाठी हप्ता १२,९०० च्या आत येतो, पण व्याज २ लाख ८१ हजार होते. आणि विमा कंपन्यांच्या तक्त्याप्रमाणे पाचव्या वर्षाअखेरीस गाडीचे विमामूल्य ५० टक्क्यांनी घटलेले असते. निम्म्या किमतीच्या वस्तूचे हप्ते आणखी दोन वर्षे भरत बसण्यापेक्षा एक पायरी खालचा व्हेरिएंट घ्यावा. माझ्या मते पैशांचे मोल बहुधा मधल्या व्हेरिएंटमध्ये असते : सर्व एअरबॅग, मागचा कॅमेरा, मागच्या प्रवाशांसाठी एसी आणि मागच्या काचेचा वायपर मिळाला की पुढचे लाख-दीड लाख प्रामुख्याने काच, चामडे आणि दिवे यांवर जातात.

सहावी पायरी : नोंदणीपूर्वी गाडी तपासा

पाडव्याला किंवा दसऱ्याला डिलिव्हरी हवी म्हणून घाई करू नये. नोंदणी चासी क्रमांकावर (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकावर) होते आणि ती झाल्यावर गाडी बदलून मिळणे फार कठीण असते, म्हणून नोंदणीच्या आधी, दिवसाच्या उजेडात, यार्डात जाऊन आपल्या वाट्याची गाडी पाहावी. चासी क्रमांक पावतीशी आणि उत्पादनाचा महिना नमुना २२ शी (उत्पादकाच्या प्रमाणपत्राशी) जुळवावा. टायरवरील चार अंकी आकडा वाचावा. ३५२५ म्हणजे २०२५ मधील ३५ वा आठवडा. ओडोमीटर, रंगातील छटांचा फरक, दारांच्या फटी, स्टेपनी आणि जॅक पाहावे, एसी आणि सर्व काचा चालवून बघाव्यात. काही खटकले तर त्याचे छायाचित्र काढून ईमेलने कळवावे आणि लेखी उत्तर येईपर्यंत उरलेली रक्कम भरू नये.